आत जागा आहे

आईवडिलांना ठेवायला चांगली जागा कुठली, असं कुणी विचारलं तर मी आजही त्याच जागेचा पत्ता देते. विचारणारे पुष्कळ असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इस्पितळात म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. त्यांच्यासोबत येणाऱ्या मुली-सुनांच्या मनात हा प्रश्न केव्हाचा घोळत असतो, ओठांवर यायला तेवढा वेळ लागतो. मी पत्ता लिहून देते, तिथल्या फरशीचं तोंड भरून कौतुक करते आणि मग सहज विचारल्यासारखं विचारते की तुम्ही भावंडं किती. कुणी एकुलती एक निघाली तर तिला दुसरी एखादी जागा सुचवते.

माझे बाबा आधी बसचे कंडक्टर होते, पुढे तिकीट तपासनीस झाले. चालत्या बसमध्ये कशालाही न धरता उभं राहायचं, हा त्यांचा अभिमान. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला की अख्खी बस पुढे कलंडायची, बाबा तेवढे गुडघ्यात जरासे वाकून पुन्हा सरळ. लहानपणी मी आणि दादा पलंगावर उभं राहून त्यांची नक्कल करायचो आणि आईचा मार खायचो. अशा माणसाला म्हातारपणी कंपवाताने गाठलं. या आजारात एक चमत्कारिक प्रकार असतो. मोकळ्या खोलीत माणूस बरा चालतो, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. डोकं सांगत असतं चल, पाय ऐकत नाहीत. बाबा दारात अडकले की म्हणायचे, "स्टॉप आला वाटतं." मग मी मागून त्यांचीच जुनी आरोळी द्यायची, "पुढे सरका, आत जागा आहे." की उजवा पाय सुटायचा. बोटं फरशीवर घासत का होईना, पण सुटायचा. या दुखण्यावर टाळ्या, शिट्ट्या, जमिनीवरच्या रंगीत पट्ट्या असे अनेक उपाय मी इतरांना शिकवते. बाबांना हा एकच लागू पडला.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी दिवसभर इस्पितळात, आणि आरोळी द्यायला कुणी नाही. एकदा ते न्हाणीघराच्या दारात पडले, मग स्वयंपाकघराच्या. तिसऱ्या वेळी कपाळावर टाके पडले. पुढच्या खेपेला खुबा जाणार हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली माणसं मी रोज पाहते आणि त्यांतली किती पुन्हा उभी राहतात तेही मला ठाऊक आहे. दादा परदेशात. त्याला फोन केला तर म्हणाला, "तू त्यातली आहेस, तुला योग्य वाटेल ते कर." हे वाक्य थोरल्या भावांना जन्मतःच येत असावं.

मग आम्ही जागा बघायला लागलो. मी पिशवीत मोजपट्टी आणि उतार मोजायचं एक छोटं यंत्र टाकून न्यायची. बाबा आत शिरताना म्हणायचे, "तपासणी पथक आलंय म्हणावं." एका ठिकाणी फरशी आरशासारखी चकचकीत होती आणि मालकाला तिचाच अभिमान होता. एका ठिकाणी दर चार पावलांवर सुंदर गालिचा, म्हणजे दर चार पावलांवर एक अपघात. एका ठिकाणचा रॅम्प सामान चढवायला ठीक होता, माणसं चढवायला नव्हे. बाबा बाहेर पडल्यावर निकाल द्यायचे, "या गाडीचा ब्रेक लागत नाही." आम्ही हसत परतायचो, आणि घरी आल्यावर ते पुन्हा आमच्याच दारात अडकायचे.

ती जागा शहराच्या कडेला, एका रोपवाटिकेच्या मागे आहे. बैठी, लांबलचक इमारत. एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला खिडक्या, मधून एकच सरळ मार्गिका आणि तिच्या टोकाला बाकडं. जमीन बुचाच्या लाकडाची, मधाच्या रंगाची, पावलाखाली किंचित दबणारी. खिडक्यांतून ऊन येत होतं, पण डोळ्यांवर चमक येत नव्हती, कारण प्रत्येक खिडकीवर नेमक्या उंचीचा छज्जा होता. कुठल्याही दाराला उंबरठा नव्हता. दिव्यांची बटणं कमरेच्या उंचीवर, दारांच्या मुठी कोपरानेही दाबता याव्यात अशा. वास साबणाचा आणि भाजलेल्या पावाचा. अशा जागांचं खरं रूप मला वासावरून दारातच कळतं, आणि इथे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मी मोजपट्टी काढली, वापरली आणि गुपचूप परत ठेवली. इतकी विचार करून बांधलेली जागा मी आजवर पाहिली नव्हती. बाबांनी भिंतीलगतच्या लाकडी कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नवी गाडी दिसतेय."

मलाही तसंच वाटलं होतं, कारण कठड्याचं पॉलिश जसंच्या तसं होतं. पण इमारत नवी नव्हती. बागेतली झाडं छपराच्या वर गेली होती.

आणखी एक गोष्ट मी शोधत होते. कुठल्याही वृद्धनिवासात जेवणघराबाहेर वॉकरची रांग लागलेली असते, शाळेबाहेर सायकली लागतात तशी. इथे एकही वॉकर नव्हता, काठीसुद्धा नाही. आत माणसं नाश्ता करत होती, उठून स्वतः कॉफी आणत होती, भरलेला पेला हातात घेऊन वळत होती. काठ्या होत्या, पण त्या बाहेरच्या दारापाशी, एका उंच स्टँडमध्ये, सगळ्या उंचीच्या.

"या कुणाच्या?" मी विचारलं.

"पाहुण्यांसाठी असतात," मोठ्या बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई म्हणजे तिथल्या प्रमुख. चणीने लहानखुऱ्या, तरी सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. आवाज शांत, हातात कागद नाही, तरी प्रत्येक खोलीतल्या माणसाला कुठल्या कुशीवर झोप लागते ते त्यांना तोंडपाठ. मी त्यांना माझा नेहमीचा प्रश्न विचारला की गेल्या वर्षात इथे किती जण पडले.

"इथे कुणी पडत नाही."

हे मी सगळीकडे ऐकलं होतं. थाप मारणारा माणूस हे सांगताना कुठेतरी लांब बघतो. मोठ्या बाई माझ्या बुटांकडे बघत होत्या.

मग त्यांनी नियम सांगितला. तिथे नियम एकच. आठवड्यातून एकदा घरच्या कुणीतरी यायचं आणि आपल्या माणसाचा हात हातात घेऊन मार्गिकेची एक फेरी मारायची, टोकाच्या बाकड्यापर्यंत आणि परत. पगारी माणूस पाठवून चालत नाही. मला हे इतकं पटलं की काय सांगू. महिन्याचे पैसे भरून विसरून जाणारी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. औषधांहून मोठी गोष्ट या बाईंना कळली होती असं मला वाटलं, आणि मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

"तुम्ही भावंडं किती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दोघं, पण भाऊ लांब असतो.

"दोघं येत राहिलात तर बरं. एकावर येत नाही मग."

मला वाटलं, त्या वेळेबद्दल बोलताहेत, जाण्यायेण्याच्या दगदगीबद्दल. खरंच किती विचारी बाई, असं मनात आलं.

त्याच दिवशी मी जजसाहेबांना पाहिलं. निवृत्त न्यायाधीश, उंच, टक्कल पडलेले. बागेतून ताठ चालत आले आणि बाबांशी हात मिळवून शेजारी बसले. बसताना विजार वर सरकली. त्यांची डावी पोटरी माझ्या मनगटाएवढी बारीक होती, लहानपणीच्या आजाराने वाळलेली, आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर आखूड होता. बुटाला जाड तळ नाही, आत पट्टी नाही. असा माणूस चालताना दर पावलाला एका बाजूला झुकलाच पाहिजे. ते हाडांचं गणित आहे, त्यात मनाच्या जोराचा संबंध नाही. बाबांचा निरोप घेऊन ते उठले आणि मी डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. खांदे एका रेषेत, कंबर एका रेषेत. मार्गिकेच्या टोकापर्यंत ते कुठेही झुकले नाहीत.

निघताना गाडीकडे जायच्या वाटेवर माझ्या पुढे एक चाळिशीचा धडधाकट गृहस्थ होता. जजसाहेबांचा मुलगा, नाक तेच. त्याने जाता जाता स्टँडमधली एक काठी न बघताच उचलली होती आणि तो दर पावलाला डावीकडे झुकत होता. मी सवयीने त्याच्या पायांकडे पाहिलं. विजारीचे दोन्ही पाय सारख्या लांबीचे, दोन्ही बूट सारखे. वाटेच्या दोन्ही बाजूंना कठडा होता, आतल्यासारखाच लाकडी. हाताने घासून घासून तो गुळगुळीत झाला होता, काही ठिकाणी तर लाकडाला खळगे पडले होते.

मी त्याला गाठून माझं कार्ड दिलं. कधीपासून त्रास आहे, असं विचारलं.

"फार दिवस नाही," तो म्हणाला. "आधी माझी बहीण यायची. तिला आता जमत नाही." मग त्याने मागे वळून इमारतीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "बाबांना पाहिलंत? आयुष्यात पहिल्यांदा असे चालताहेत."

कार्ड त्याने खिशात टाकलं. त्याचा फोन कधी आला नाही.

बाबांनी त्याच आठवड्यात होकार दिला. सामान लावून झाल्यावर मी त्यांना फेरीसाठी उठवलं. खोलीच्या दाराला उंबरठा नव्हता, तरी ते अडकलेच. माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसले. मी आरोळी दिली, पाय सुटला. मग मी त्यांचा हात धरला. मी रुग्णाला कोपराखाली आधार देते, पंजात पंजा घालून फारशी चालत नाही. त्यांचा हात उबदार होता आणि कबुतर धरावं तसा आत थरथरत होता. रविवारची दुपार होती. मार्गिकेत पाच-सहा जोड्या चालत होत्या आणि कुणी बोलत नव्हतं. माझ्या लक्षात आलं की जाताना मुलं आईबापांसाठी थांबताहेत आणि येताना आईबाप मुलांसाठी. मला वाटलं, आठवडाभराचा शीण असणार बिचाऱ्यांना.

बाकड्यापाशी आम्ही वळलो. परतीच्या वाटेवर बाबांचं पाऊल लांब पडायला लागलं. आधी मला वाटलं, मीच हळू चाललेय. मग त्यांच्या बुटाचा आवाज ऐकला. घासण्याचा आवाज नव्हता. टाच, मग बोटं, टाच, मग बोटं. हातातली थरथर थांबली होती.

मी मनातल्या मनात कारणं मांडली. मऊ जमीन, उंबरठे नाहीत, बुचाच्या फळ्यांच्या आडव्या रेघा पावलांना खूण देतात. सगळी कारणं पुस्तकात सापडतील अशी होती. खोलीच्या दारातून बाबा सरळ आत गेले, मागे वळले आणि स्वतःच चकित होऊन उभे राहिले. मी रडले. मी सहसा रडत नाही, पण त्या दिवशी त्यांच्या शर्टात तोंड खुपसून रडले. परत जाताना वाटेवर किंचित ठेच लागली आणि मी कठडा धरला. त्याचं मला काहीच वाटलं नाही.

पुढचे आठवडे म्हणजे आमच्या घरात इतक्या वर्षांत न आलेला सुखाचा काळ होता. बाबा बागेत पाणी घालायला लागले, जजसाहेबांशी वाद घालायला लागले. तिथल्या मंडळींना फिरायला नेणारी एक छोटी बस होती. बाबांनी आपण होऊन तिचं कंडक्टरपद घेतलं. मी एकदा त्यांच्यासोबत गेले. वळणावर सगळे सीटच्या पाठी धरून बसले होते आणि बाबा मधल्या जागेत दोन्ही हात मोकळे सोडून उभे होते. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. ते गुडघ्यात जरासे वाकले आणि सरळ झाले. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या, पलंगावर नक्कल करणाऱ्या दोन पोरांकडे बघून उडवायचे तशाच. या जागेसाठी मी कुणाचेही पाय धरले असते.

मग इस्पितळात एक शिक्षिका आल्या. माझ्या विभागात चालण्याचा सराव एका लांब आरशासमोर होतो. मी आधी चालून दाखवते, रुग्ण मागून तसं चालतो. निवृत्त शिक्षिका होत्या, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सांगितलेलं बिनचूक करणाऱ्या. मी चालून दाखवलं आणि बाजूला उभी राहिले. त्या चालल्या. उजव्या पायाची बोटं जमिनीवर घासली.

मी म्हटलं, टाच आधी टेकवा. पुन्हा दाखवलं. पुन्हा तेच, उजवा पाय ओढत.

"बाई, ऑपरेशन डाव्या पायाचं झालंय," मी जराशा वैतागानेच म्हटलं, "तुम्ही उजवा का ओढताय?"

त्या थांबल्या. चांगली विद्यार्थिनी विनाकारण बोलणी खाल्ल्यावर दुखावते, तशा दुखावल्या.

"तुम्ही दाखवलंत तसंच चालतेय मी."

मी आरशाकडे तोंड करून चालले. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पावलं वाचत आले. स्वतःचं चालणं कुणालाच दिसत नाही, आणि मला तर आरशासमोरही त्याची गरज वाटली नव्हती. पाठ किंचित वाकलेली. उजवा हात झुलत नव्हता, पोटाशी धरलेला. उजव्या पायाची बोटं घासत येत होती. ते चालणं मी कुठल्याही गर्दीत ओळखलं असतं.

बूट काढून पाहिला. उजव्याचं रबर बोटांपाशी झिजून पांढरं पडलं होतं, डावा कोरा. घरी कपाटात बाबांचे जुने बूट होते. शेजारी ठेवून पाहिले. झीज त्याच जागी होती.

आमच्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी मला तपासलं, यंत्रात घातलं, बोटाने नाकाला शिवायला लावलं. तुम्हाला काहीही झालेलं नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि विश्रांती घ्या म्हणाले.

मी शास्त्र शिकलेली बाई. संशय आला की एक गोष्ट वगळून बघायची, एवढं मला कळतं. त्या रविवारी मी फेरीला गेले नाही. कामाचं निमित्त सांगितलं. पुढचे दोन-तीन दिवस मी इस्पितळाच्या आरशासमोर चालून पाहत होते, आणि पाय हळूहळू उचलला जात होता. मग हातही झुलायला लागला. मला इतका आनंद झाला की मी जिने चढूनच वर गेले. पुढच्या रविवारीही गेले नाही.

सोमवारी मोठ्या बाईंचा फोन आला. "तुमचे बाबा दारात उभे आहेत."

"पडले का?"

"इथे कुणी पडत नाही. सकाळच्या चहापासून उभे आहेत."

मी गाडी कशीबशी लावली आणि त्या वाटेवरून धावले. कठड्याला हातही न लावता धावले. ते मला धावत असतानाच जाणवलं.

बाबा खोलीच्या दारात उभे होते, बाहेर तोंड करून. पाय फळीला चिकटलेले, गुडघे कापत होते, शर्ट घामाने भिजलेला. कुणीतरी पाठीमागे खुर्ची आणून ठेवली होती, पण त्यांना बसताही येत नव्हतं. मला बघून ते हसले.

"स्टॉप आला वाटतं."

मी आरोळी दिली. पाय सुटला नाही. पुन्हा दिली. त्यांनी मान हलवली, जणू चूक त्यांचीच होती.

मोठ्या बाई बाजूला उभ्या होत्या. "घरी न्यायचं असेल तर सांगा," त्या म्हणाल्या. "गाडी दाराशी लावून देते. आम्ही कुणालाच अडवत नाही."

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, घाईही नव्हती. मला आमचं न्हाणीघर दिसलं, ओली फरशी दिसली. कपाळावरचे टाके दिसले. मग बसमध्ये हात सोडून उभा असलेला माणूस दिसला.

मी त्यांचा हात धरला.

पंजात पंजा घातला आणि आम्ही निघालो. मार्गिकेत दुसरं कुणी नव्हतं. खिडक्यांतून ऊन जमिनीवर पडलं होतं. जाताना मी त्यांच्यासाठी थांबत होते.

बाकडं आलं. आम्ही वळलो.

"चिमे," बाबा म्हणाले, "तुझा हात का गं थरथरतोय?"

मी म्हटलं, धावत आले ना.

ते झपाझप चालत होते. थोडं पुढे जाऊन माझ्यासाठी थांबत, पुन्हा चालत. खोलीच्या दारापाशी त्यांनी माझा हात सोडला आणि एका दमात आत गेले.

मी दारात राहिले.

उंबरठा नव्हता. समोर मोकळी खोली होती, पलंग, खुर्ची, पाण्याचा तांब्या. चल, असं मी स्वतःला सांगितलं. पाय तिथेच होता, माझा होता, आणि ऐकत नव्हता.

"पुढे सरका," बाबा आतून थट्टेने ओरडले, "आत जागा आहे."

पाय सुटला. बोटं घासली.

त्यांनी तो आवाज ऐकला. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण नजर खाली माझ्या बुटावर गेली आणि तिथेच थांबली. अख्ख्या बसमध्ये बिनतिकिटाचा माणूस त्यांना असाच एका नजरेत कळायचा. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हाताने पाणी ओतून दिलं, एक थेंब न सांडता. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "दादा कधी येतोय गं?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन मी दादाला फोन केला. फोनवर बोलताना घरभर फिरायची त्याला लहानपणापासूनची खोड आहे. मी त्याला सगळं सांगितलं. म्हणजे जागेबद्दलचं सगळं. ती जमीन, त्या खिडक्या, भाजलेल्या पावाचा वास, तिथे कुणी पडत नाही हे, बसमध्ये हात सोडून उभे राहणारे बाबा. एकही शब्द खोटा नव्हता. इतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही, तू एकदा येऊन बघच, असं म्हटलं. बाबा वाट बघताहेत, असंही म्हटलं. आल्यावर एक फेरी मारायची असते फक्त, त्यांचा हात धरून.

सगळं तुझ्या एकटीवर टाकलं, आता महिनाभर राहायलाच येतो, असं दादा म्हणाला. दर रविवारी फेरी माझी, असंही. मग म्हणाला, "छोटीलाही आणतो. आजोबांचा हात धरून चालायला तिला फार आवडेल."

"तिला नको आणूस," मी म्हटलं.

"का गं?"

"लहान आहे. धावते, पडेबिडेल."

तो हसला. "अगं, तूच आत्ता म्हणालीस ना, तिथे कुणी पडत नाही म्हणून?"

"तिथे नाही पडत," मी म्हटलं.

त्याला ते ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. तिकिटांचं बघतो म्हणाला, आणि बोलता बोलता फिरत राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, केव्हापासून ते आठवत नव्हतं. फोन कानाशी घट्ट धरून मी त्याची पावलं ऐकत राहिले. टाच, मग बोटं. टाच, मग बोटं. किती हलकं चालतो माझा दादा, दोन्ही पाय अगदी सारखे.